तुझ्या प्रतीतली पेन्सिल

ताई,

तू घरी गळ्याला मफलर गुंडाळून माझ्यासाठी देव पाण्यात घालून बसली असशील. नको बसूस.

दहा मिनिटांत कँटाटा सुरू होईल. यात ना वेश, ना पडदा; सगळी गोष्ट उभ्या उभ्या गाऊनच सांगायची. लपायला जागाच नाही. भोवती अर्धगोलात समूहाचे चाळीस आवाज, आणि मधोमध तुझं एकटीचं गाणं. ते आज मी गाणार.

तुला वाटतं, तुझा बसलेला आवाज संचालकांच्या कानांनी टिपला. नाही गं. मीच जाऊन सांगितलं, "ताईचा घसा कायमचा गेलाय. ऐनवेळी तोंडघशी पाडेल." तुला साधी सर्दी होती, हे ठाऊक असून.

त्यांनी तुझीच स्वरलिपीची प्रत मला दिली. श्वास कुठे घ्यायचा, त्याच्या तुझ्या पेन्सिलीतल्या खुणा आहेत. सगळ्यात लांब ओळीवर मात्र खूण नाही. तिथे बारीक अक्षरात लिहिलंयस, "इथे धाकटीकडे बघायचं. ती समूहात पहिल्या रांगेत असते. ती दिसली की दम पुरतो."

घंटा झाली. पहिल्या रांगेतली माझी जागा आज रिकामी आहे.

त्या ओळीवर मी कुणाकडे बघू?

तुझी,
धाकटी