तालुक्याबाहेरचा जामीन

गोंदिया, मंगळवार, संध्याकाळ

त्या चपला डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

केशोरी गावच्या राजूला आज जामीन मिळाला. कटाच्या खटल्यात त्याच्याविरुद्ध फक्त मुख्य आरोपीला केलेले फोन. तरी न्यायाधीश अडले, गावात जाऊन साक्षीदारांना धमकावेल म्हणून. त्याचा वकील म्हणून मीच घाईनं बोलून गेलो, "निकाल लागेपर्यंत राजू त्याच्या तालुक्यात पाय ठेवणार नाही." लगेच आदेश झाला. कसली घाई होती मला? त्याची आई मागच्याच बाकावर होती, तिला तरी विचारायचं!

बाहेर आलो, तर ती पिशवीतून त्याच्या चपला काढत होती. पोराला घरी न्यायला आलेली. अट सांगितली, निकालापर्यंत त्याला गावी येता येणार नाही. चपला परत पिशवीत टाकत म्हणाली, "वकीलसाहेब, मंग जामीन माह्या पोराले भेटला का गावाले?"