आधी त्याला एक चमचा

तीर्थरूप दादाच्या चरणी धाकट्या बहिणीचा नमस्कार, आणि वहिनीला चरणांच्या भानगडीत न पाडता नुसताच प्रेमाचा. (तीर्थरूप लिहिलं म्हणजे हिला काहीतरी हवंय, असं वहिनी म्हणालीच असेल. म्हणू दे. पण पत्र शेवटपर्यंत वाच, आणि वाचता वाचता गिऱ्हाइकाला मोजे दाखवू नकोस.) तुझी पाठ कशी आहे? गठ्ठे उचलायला माणूस ठेव म्हणून सांगून माझी जीभ झिजली, पण तू ऐकशील तर शपथ. दुकानाचा मालकही तूच आणि हमालही तूच. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

हे सगळं फोनवरही सांगितलं असतं. पण आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि मध्ये प्लायवूडची भिंत. या खोलीत कुजबुजलं तरी त्या खोलीत स्पष्ट ऐकू जातं, आणि हल्ली त्या खोलीत ऐकणारं कोणी आहे की नाही याची मला खात्री देता येत नाही. लिहिताना आवाज होत नाही, म्हणून पत्र.

तर तुझा भाचा, आमचा बोका. दोन वर्षांच्या या प्राण्याने पाळणाघरातून कुणाचा तरी पोटातला जंतू घरी आणला, आणि तो जंतू पाहुण्यासारखा आला तो भाडेकरूसारखा राहिला. दुसरा आठवडा सरत आला तरी हलायचं नाव नाही. मी चादर धुतली, गादी धुतली, सोफ्याचं कव्हर धुतलं, मग सोफा धुतला, मग स्वतःला धुतलं, आणि बाहेर येते तो पुन्हा चादर. आमच्या ह्यांनी बोटीवरून सल्ला पाठवला की पोराला हलकं काहीतरी खायला दे. (बोटीवर शंभर माणसांना जेवू घालणारा हा माणूस घरी आला की मला विचारतो, मीठ कुठे ठेवतेस.) हलकं दिलं. ते वरून गेलं आणि विचारपूस करायलाही न थांबता खालून निघालं.

डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या आहेत, म्हणजे दुसऱ्याच्या पोराच्या बाबतीत सगळेच शांत असतात तशा. त्या म्हणाल्या, या जंतूला औषध नाही, औषध म्हणजे पाणीच. मीठ-साखरेच्या पुड्या दिल्या आणि चमचा चमचा पाजत राहा म्हणाल्या. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडायची. चटकन सपाट झाली तर ठीक, वळी तशीच राहिली तर अंगातलं पाणी संपत आलंय, मग उचलायचं आणि सरळ त्यांच्याकडे आणायचं, हाताला सलाईन. एवढ्याशा हातात सुई कुठे खुपसणार, हे मी विचारलं नाही, कारण उत्तर त्यांच्याकडे असणारच.

आता बोक्याला पाणी पाजणं म्हणजे काय ते ऐक. मी गाणी म्हटली, चमच्याचं विमान केलं, त्याच्यापुढे स्वतः घटाघट पिऊन दाखवलं (खारट गोड काय ते एक असतं, विचारू नकोस), शेवटी हातापाया पडले. पालथ्या घड्यावर पाणी. दात आवळून बसायचा, आणि चुकून तोंडात गेलंच तर माझ्याकडे बघत बघत हनुवटीवरून सोडून द्यायचा. एका दुपारी तो रडायला लागला आणि मी त्याचे डोळे पुसायला गेले तर डोळे कोरडे. दादा, मी घाबरले. मी भांडकुदळ आहे, कजाग आहे, ते सगळं खरं, पण ते कोरडे डोळे मी पुन्हा पुन्हा पुसत राहिले.

इथे तुझा पुतळा येतो. तू दुकानाच्या काचेतून दुरुस्तीला पाठवलेला तो तीन फुटी मुलगा, ओठाचा कोपरा उडालेला. मी त्याचा ओठ खरवडून ठेवला होता, कारण कडेचं कच्चं फायबर काढल्याशिवाय भोक बुजवायची लांबी नीट धरत नाही. एवढ्यात बोका आजारी पडला आणि काम राहिलं. आतल्या खोलीत, खिडकीपाशी, तोंडाला करंगळीएवढं भोक पडलेला तुझा मुलगा आपला उभा. तर त्या दुपारी मी चमचा पुढे केला आणि बोक्याने बोट उचलून दारातून त्याच्याकडे दाखवलं. "याला आधी."

पोर बोललं हेच खूप होतं. मी उठले आणि तुझ्या पुतळ्याच्या तोंडात एक चमचा ओतला. परत आले तर बोक्याने आपणहून आ केला होता. प्यायला! पुन्हा याला आधी, पुन्हा मी आत, पुन्हा इकडे आ. चमचा त्याला, चमचा ह्याला, असं करत वाटी संपवली. पंगतीत वाढपी पळतो तशी मी पळत होते, पण आनंदात. एवढ्यात पाहते तर पुतळ्याच्या पोटरीतून, जिथे उभं करायची सळई घालतात त्या भोकातून, सगळं पाणी खाली फरशीवर! पोकळच तो, जाणार कुठे? पण बोक्याने ते पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा हसला. मग काय, घरात एकाला जुलाब होते ते दोघांना झाले. तुझ्या पुतळ्याला लंगोट बांधून मी फरशी पुसली. (हसू नकोस. तुझ्या त्या ओव्हरकोटपेक्षा त्याला लंगोट शोभत होता.)

दोन दिवस हेच चाललं. तिसऱ्या दिवशी साखरेच्या पाण्याला मुंग्या लागल्या आणि त्याच्या नडगीवरून रांगेने वर चढायला लागल्या, तेव्हा मी ठरवलं, पुरे. रंगाचा वास कोंडू नये म्हणून खिडकी उघडी टाकली, तोंडातलं भोक लांबीने बुजवलं, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासलं, ओठ रंगवला. तू म्हणतोस ना माझा हात साफ आहे? जोड दाखवून दे कुणी. बोक्यासाठी नुसता चमचा ओठाला लावून आणायचा आणि परस्पर त्याच्याच वाटीत टाकायचा, असा माझा बेत. पोराला काय कळतंय!

दुसऱ्या दिवशी दुपारी चमचा पुतळ्याच्या बंद ओठाला टेकवला. तेवढ्यात बोका खोकला म्हणून मान वळवली. पुन्हा पाहिलं तर चमचा रिकामा.

आता तुला माहीत आहे, मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. सांडलं असेल म्हटलं. हनुवटी चाचपली, कोरडी. फरशी कोरडी, लंगोट कोरडा, पोटरीतलं भोक खडखडीत. माझ्या लांबीला चीर पडली असेल म्हणून नखाने टोकरून पाहिलं, माझ्याच कामावर माझाच अविश्वास, पण चीर नव्हती. मग दुसरा चमचा भरला आणि डोळे न मिटता टक लावून बघत बसले. काही झालं नाही. झालं नाही ते झालंच नाही, डोळ्यांतून पाणी आलं तरी नाही. शेवटी डोळे चुरचुरले म्हणून पापणी लवली. तेवढ्यात रिकामा. ओठाला हात लावला तर रंग कोमट होता. मी हात मागे घेतला आणि पदरात माणसांचं एकच मूल आहे हे स्वतःला मोठ्याने सांगितलं. पलीकडे बोका आ करून वाट बघत होता. मग मी काय केलं असेल? तिसरा चमचा भरला. तुझ्या पुतळ्याला पाणी लागतंय की नाही हा तुझा प्रश्न, माझ्या पोराला लागतंय. तो पितोय म्हणून हा पितोय, एवढं मला पुरे होतं.

आणि हा बरा झाला, दादा! अश्रू आले, भोकाड आलं, केळं मागायला लागला. चिमटा काढला की कातडी चटकन जागेवर. परवा सकाळी शी बांधून झाली, तेव्हा मी इतकी हरखले की ह्यांना फोटोच पाठवला. (त्यांनी तो नाश्त्याच्या वेळी उघडला. बोटीवर शंभर माणसांचा नाश्ता उशिरा झाला म्हणे.) आज बोका सोफ्यावरून उड्या मारतोय, त्याच सोफ्यावरून. मी देवाचे, डॉक्टरीणबाईंचे आणि कुणाकुणाचे आभार मानले.

पण तुझा मुलगा बरा नाही. मी त्याचे गाल तुझ्या आवडीचे लालबुंद केले होते. ते उतरले. रंग कच्चा निघाला म्हणून दुकानदाराला मनात चार शिव्या घातल्या आणि पुन्हा हात मारला. दुपारपर्यंत पुन्हा पांढरे. डोळ्यांखाली मी कधीही न रंगवलेली सावली आली आहे. काल बोका झोपला होता आणि ऊन चांगलं लख्ख होतं, म्हणजे अंधारात भास झाला असं म्हणायचीही सोय नाही. मी त्याच्या पुढ्यात बसले. फायबरला चिमटा काढता येत नाही हे तुला मी सांगायला नको, आयुष्य गेलं माझं त्यात. मी दोन बोटं त्याच्या पोटाला लावली. चिमटा आला. सोडला. वळी तशीच राहिली.

 मग पुडी फोडली, पाणी कालवलं, चमचा भरला, ओठाला लावला आणि शहाण्यासारखी मान फिरवली. चमचा भरलेलाच. पुन्हा मान फिरवली, भरलेलाच. तो आता पीत नाही, दादा. गाणी म्हटली. विमान केलं. मांडीवर घेतला, तर त्याचे पाय वाकत नाहीत, म्हणून आडवाच धरला आणि थोपटला. माझं पोर बरं झालंय, मी आता निवांत पाय पसरून झोपायला हवं. पण याचा आजार याने कुठून घेतला ते मला माहीत आहे, आणि मला झोप लागत नाही.

असो. एकूण काय, तुझा पुतळा हंगामाला वेळेवर मिळणार नाही, रंग धरत नाहीये. राग मानू नकोस. वहिनीला सांग, तिने पाठवलेली झबली बोक्याला आता घट्ट होतात, म्हणजे बघ. पाठीला शेक.

तुझी धाकटी

ता. क. परवा टेम्पोवाल्याला पुतळा न्यायला पाठवतो म्हणाला होतास. पाठवू नकोस. मी डॉक्टरीणबाईंना आडून विचारलं, समजा घरात आणखी एक मूल असलं आणि ते पाणीच घेत नसलं तर? त्या म्हणाल्या, त्याला हलवू नका, आणि आईच्या हातून घेतंय का बघा.

ता. क. दुसरा. रंग धरत नाहीये हे मी तुला टोलवायला लिहिलं, खोडावंसं वाटतं पण पान खराब होईल. खरं असं की बोका काल उठला, पुतळ्यापाशी गेला आणि मला म्हणाला, "याला आई." मला वाटलं मीच, म्हणून मी पुढे झाले. बोक्याने मला ढकलून दिलं. मग आठवलं. तुझ्या काचेत हा एकटा उभा नसायचा. निळ्या कोटातली ती उंच बाई, जिच्या मुठीत याची बोटं होती. तू याला तिच्या हातातून पिरगळून काढलास आणि माझ्याकडे धाडलास, कारण मोडका तेवढा दुरुस्तीला हे तुझं व्यवहारज्ञान. दादा, तिला पाठवून दे. हंगाम गेला तरी चालेल. उद्याच पाठव.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात वहिनीचा फोन आला. म्हणाली, रोज सकाळी दुकान उघडलं की ती निळ्या कोटाची बाई दाराच्या काचेला कपाळ टेकून उभी सापडते, आणि तू हिला कोणी हलवलं म्हणून घरभर ओरडतोस. ओरडू नकोस. तिला कोणी हलवलेलं नाही. आणि पाठवशील तेव्हा प्लास्टिकमध्ये गुंडाळून गठ्ठ्यांबरोबर मागे आडवी टाकू नकोस. पुढे टेम्पोवाल्याशेजारी उभी राहील अशी जागा कर. आजारी लेकराकडे निघालीये, तिला रस्ता दिसू दे.