कृष्णासाहेबांना ‘वं’

नागपूर, गुरुवार, डिसेंबर १९८७

ऑफिसातला मोठा कॉम्प्युटर आज चारही टर्मिनलांना जोडला. टर्मिनलवर आपलं नाव टाकलं की तो नाव घेऊन आपल्या नागपुरी बोलीत ‘कसं काय’ विचारतो. बाईला ‘का म्हणतं वं’, पुरुषाला ‘का म्हणतं गा’. बाई कशी ओळखायची? इंग्रजीत नावाच्या शेवटी ‘ए’ असला की बाई. एवढाच नियम लिहिला मी.

साहेबांचं नाव कृष्णा. त्यांनी ते टाकलं आणि पडद्यावर आलं, ‘का म्हणतं वं कृष्णा’.

हेडक्लार्क हळूच म्हणाले, “साहेबांसाठी लुगडं आणा जी.” सगळे हसले. साहेब उखडले, मीही उलट बोललो. तसे साहेब म्हणाले, “संध्याकाळपर्यंत सुधरव, नाही तं उद्या येऊ नको.”

तसं साहेबांना सलगीचं ‘गा’ तरी कुठं चाललं असतं? पण लिहिताना डोक्यात एकच नाव होतं. सुधा. कॉलेजच्या लॅबमध्ये मागं उभी राहून म्हणायची, “काहून चिडून राहिला गा? मशीन नाही, तूच चुकला.” मी सरांशी भांडून कॉलेज सोडलं, तिथंच ते ‘गा’ही राहिलं.

नियम पुसण्याआधी एकदा तिचं नाव टाकलं. ‘का म्हणतं वं सुधा.’ बराच वेळ बघत बसलो.

मग पुसलं. आता सगळ्यांना नुसतं ‘नमस्कार’. साहेब म्हणाले, “आता कसं ऑफिस वाटते.” नोकरी राहिली.

उद्या सुधा समोर आली, तर मीही बहुतेक नमस्कारच म्हणेन.