पाठीवरचं नाव

२९ मार्च, शनिवार

आज सकाळी साडेपाचला उठून देवापुढे मेणबत्ती लावली. बेसबॉलबद्दल काही मागायचं नाही असं ठरवलं होतं — बाकीच्या संघांतही कुणाची ना कुणाची मुलं असतातच. नाही मागितलं. आंघोळ केली, डब्यात चिकट भात भरला, आणि बस येईपर्यंत तीनदा मागून झालं!

आमच्या बिबटे संघाचा मोसमातला पहिला सामना, आणि चेंडू टाकणार माझा भाचा. गावाकडच्या धाकट्या बहिणीचा, पनायचा मुलगा. मागच्या वर्षापर्यंत त्याच्या पाठीवर चिनी नाव होतं — चेन शाओ-वेई. यंदा त्याने अर्ज करून आमच्या आमिस जमातीतलं नाव लावून घेतलं. लेकल पनाय. आधी स्वतःचं, मग आईचं.

भोंग्यावरून हाक आली — "बिबट्यांचा पिचर, लेकल पनाय!" पंधरा हजार माणसांसमोर माझ्या बहिणीचं नाव. मी बाहीने डोळे पुसले. शेजारचा म्हातारा म्हणाला, "काय हो, काय झालं?"

"माझा भाचा आहे."

"मग रडता कशाला? अजून एक चेंडूही टाकला नाही त्याने!"

सहा डावांत एकच धाव दिली. ४-१ ने जिंकलो.

३० मार्च, रविवार

चर्चमध्ये कालच्या मागण्याबद्दल माफी मागितली. अगदी मनापासून नाही.

५ एप्रिल, शनिवार

हरलो. दोन डावांत सात धावा. तिसऱ्या डावाआधीच काढलं त्याला. बाकावर टॉवेल डोक्यावर घेऊन बसला होता. टीव्हीवाले सारखे तेच दाखवत होते.

७ एप्रिल, सोमवार

बांधकामाच्या साइटवर सगळ्यांनी सामना पाहिला होता. सेंट्रिंगच्या फळ्या लावताना मुकादम त्साय खालून ओरडला, "लिनभाऊ, भाच्याला आमच्या गल्लीतल्या ज्योतिष्याकडे न्या! चिनी अक्षरांच्या रेघा मोजून शुभ नाव देतो. माझ्या मेव्हण्याचं नाव बदललं, तिसऱ्या महिन्यात दुकान झालं."

मी म्हटलं, "त्याने आत्ताच बदललंय."

"ते कसलं नाव! सगळी इंग्रजी अक्षरं. रेघाच नाहीत, तर नशीब कुठून येणार?"

सगळे हसले. मीही हसलो. हसायला नको होतं.

१२ एप्रिल, शनिवार

पुन्हा हरलो. चौघांना बाहेरचे चेंडू टाकून टाकून फुकट पहिल्या बेसवर पाठवलं, पाचव्याने होम रन मारला. माझ्या मागे कोणीतरी ओरडलं, "ए, वाचता न येणाऱ्या नावाच्या! घरी जा!"

घरी पोचतो तोच पनायचा फोन. "दादा, इथे सगळे म्हणतात जुनं नाव रुसलंय. पुढच्या वेळी हरला तर खालच्या, राखीव संघात टाकतील त्याला. तू मामा आहेस, तू सांग. माझं तो ऐकायचा नाही, तुझं मोडायचा नाही."

हे खरं आहे. आमच्यात बहिणीच्या घरात मामाचा शब्द शेवटचा. म्हणूनच जपून वापरायचा असतो.

१३ एप्रिल, रविवार

चर्चमधून आलो आणि लेकलला फोन केला. म्हटलं, जुनं नाव परत लाव.

मग म्हणाला, "बरं, मामा. तुम्ही म्हणता तर लावतो."

मी सुटलो असं वाटलं. तेवढ्यात म्हणाला, "एक विचारू? मला लेकल नाव कोणी ठेवलं?"

"मी."

"मग तेव्हा चुकलात, की आत्ता?"

गॅसवर भात आहे म्हणालो आणि फोन ठेवला.

लिन तरी आमचं कुठे आहे? आजोबांना सरकारी कचेरीत लिन हे चिनी आडनाव मिळालं, त्यांच्या सख्ख्या भावाला पान. एकाच सकाळी, एकाच टेबलावर. मी घरी कुलास, पण गावच्या शाळेत कुणी आपल्या भाषेतल्या नावाने हाक मारली आणि ओ दिली, की शिक्षा म्हणून दिवसभर गळ्यात पाटी. मी दोनदा घातली. तिसऱ्यांदा कुलास अशी हाक आली, तेव्हा मी वळूनच पाहिलं नाही. हाक मारणारी माझी आई होती. डबा द्यायला आली होती.

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी कामावर जायच्या आधी पुन्हा फोन. मामाने दिलेला शब्द मागे घ्यायचा नसतो. मी घेतला. म्हटलं, "नाव राहू दे. तेव्हा बरोबर होतो."

"हुश्श!" म्हणाला. "मी अजून कुणाला सांगितलंच नव्हतं."

पनाय मात्र भडकली. "तू मामा आहेस की वारा?" मी ऐकून घेतलं.

त्याला धीर देतो आणि स्वतः मात्र लिन म्हणून फिरतो, हे बरं नाही. नोंदणी कचेरीत आता आपलं नाव लावून मिळतं. लेकल पुढचा सामना जिंकला की मीही जाईन.

१९ एप्रिल, शनिवार

जिंकलो! सात डाव, एकही धाव नाही! नऊ जणांना तर बॅट चेंडूला लागू न देताच बाद केलं. गावात सगळ्यांनी चर्चच्या हॉलमध्ये बसून पाहिलं. पनाय फोनवर म्हणाली, "माझं नाव चारदा घेतलं टीव्हीवरच्या माणसाने. मोजलं मी." रुसलेलं नाव, गाव, सगळं विसरली होती. मी आठवण करून दिली नाही.

२० एप्रिल, ईस्टर

फार छान वाटलं आज. प्रभू उठला, लेकलही उठला. कचेरी रविवारी बंद असते, हेही बरंच.

२१ एप्रिल, सोमवार

गेलो नाही. स्लॅब होता.

२३ एप्रिल, बुधवार

अर्धी सुट्टी काढून कचेरीच्या दारापर्यंत गेलो. आत रांग होती — तीन माणसांची! परत आलो. वाटेत स्वतःला सांगत होतो, बँक, विमा, लायसन, सगळं बदलावं लागेल. खरं कारण ते नाही. त्साय सकाळी हजेरी घेताना नवं नाव वाचेल आणि सगळे वळून बघतील, ते मला नको आहे. आणि शनिवारी लेकल हरला तर? एकोणपन्नास वर्षांचा माणूस मी, आणि एका पोराच्या उजव्या हाताकडे बघत बसलोय.

२६ एप्रिल, शनिवार

हरला. पहिल्याच डावात पाच धावा. उद्यापासून राखीव संघात.

मीच फोन केला. जेवलास का, एवढंच विचारलं. तोच म्हणाला, "मामा, तिथेही पाठीवर नाव असतं हो."

"बघायला किती येतात?"

"तीस-चाळीस माणसं. आणि दोन कुत्री."

"घोषणा करतात?"

"करतात. भोंगा जरा चिरका आहे."

हसलो दोघं. एवढा उंच तो मला कधीच वाटला नव्हता — नऊ जण बाद केले त्या दिवशीसुद्धा नाही.

२८ एप्रिल, सोमवार

कचेरी उघडायच्या आधी दारात उभा होतो. खिडकीतली मुलगी म्हणाली, "काका, अक्षरं बरोबर आहेत ना? एकदा मोठ्याने वाचा."

वाचलं. कुलास नाकाव. नाकाव माझी आई.

मग पुन्हा एकदा वाचलं. या वेळी त्या मुलीने सांगितलं नव्हतं.