मानेवरची गोचीड

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी आम्ही सगळे डबे घेऊन तलावापलीकडच्या रानात गेलो होतो. घरी आल्यावर तुझी भाची न्हाणीघरातून किंचाळली. पोटरीला गोचीड चिकटली होती. तुझ्या भावजयीने चिमट्याने ती सरळ ओढून काढली आणि साबणाच्या पाण्यात टाकली. विषय तिथेच संपायचा, पण आईने घर डोक्यावर घेतलं. सगळ्यांना ओळीने उभं करून तपासणी सुरू केली.

माझ्या मानेवर तिला भली मोठी गोचीड सापडली. शिवणाचे दोरे उपसायचा चिमटा घेऊन ती दहा मिनिटं ओढत होती. मी ओरडलो की म्हणायची, हलू नकोस, मेली घट्ट रुतून बसलीये. अगं, तो माझा जन्मापासूनचा तीळ! भावजय तुझी हसून हसून जमिनीवर बसली, तेव्हा तिला खालून दिसलं की खरी गोचीड आईच्याच कोपरावर आहे. आई म्हणे, ती काळ्या दोऱ्याची गाठ, दुपारपासून आहे. आम्ही अजून हसतोय. मान मात्र सुजलीये.

लोभ आहेच, पत्रातून तो दिसू दे.

तुझा,
धाकटा

१४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ.

तुझं पत्र शाळेत शिक्षकांच्या खोलीत वाचलं आणि इतकी हसले की बाकीच्या बाई वह्या तपासायच्या सोडून बघायला लागल्या. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं नाही. अरे, तो तीळ आई विसरेल? लहानपणी तू बाजारात हरवलास, तेव्हा शर्टाचा रंग सांगायचं तिला सुचलं नाही, पोलिसाला फक्त तीळ सांगत राहिली. गेल्या महिन्यात तिने शिवून पाठवलेल्या शर्टाची काजं खालीवर होती. घाईत झालं असेल म्हणून मी गप्प बसले. तू रोज तिच्यासमोर जेवतोस आणि तुला कळलं नाही, याचा राग आलाय. माझा स्वतःचाही आलाय.

तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ने. आवाज चढवू नकोस, आणि माझं नाव काढू नकोस.

मान शेक. रागावले तरी माया होती तेवढीच आहे.

तुझी,
ताई

२० फेब्रुवारी

चि. ताईस,
अ. आ.

मी सांगतेय आणि तुझी भाची लिहितेय. धाकट्याने तुझं नाव काढलं नाही, पण इतकं गोड बोलायला लागला की मला लगेच कळलं.

वर्षभर सगळं धुरकट काचेतून बघितल्यासारखं दिसतंय. सुई हिच्याकडूनच ओवून घेते, कोणाला सांगू नकोस म्हणून शपथ घातली होती. (आजी, हे मी लिहिणार नव्हते.) तुमचे बाबा गेल्यावर याच मशीनवर तुम्हा दोघांना वाढवलं. डोळ्यांचं कळलं की तुम्ही प्रेमानेच म्हणाल, आई, आता बसून राहा, आणि मशीन कपाटामागे सरकवाल. बसून मी काय करू? म्हणून लपवलं.

डॉक्टर म्हणतात मोतीबिंदू पिकलाय, थोड्या वेळाचं काम आहे. बिघडलं तर आहे तेवढंही जाईल, ही भीती आहे. तरी मी हो म्हटलंय. काल धाकट्याच्या मानेवरून हात फिरवला आणि रडू आलं. पोटच्या पोराला मी ओळखलं नाही गं.

माझी काळजी करू नकोस म्हटलं तरी करशीलच.

तुझी,
आई

१२ मार्च

चि. ताईस,
अ. आ.

हे माझ्याच हातचं. ओळी वाकड्या असतील तर मास्तरीणबाई, गुण कापा.

परवा पट्टी काढली. समोर धाकटा बसला होता. कानांवरचे केस सगळे पांढरे. हे कधी झालं विचारलं, तर म्हणाला, वर्ष होऊन गेलं. इतके दिवस मी त्याला रोज वाढत होते. सुनेच्या डोळ्यांखाली काळं आलंय. नातीचा पुढचा दात जरासा तुटलाय. मशीन महिनाभर बंद ठेवायचं, मग खुशाल शिवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते मी धाकट्याला दोनदा म्हणून दाखवायला लावलं.

तू मागे आलीस तेव्हा मी तुझ्या गालावरून हात फिरवून म्हटलं होतं, छान दिसतेस. ताई, ते मी अंदाजाने म्हटलं होतं. ये एकदा, तुला बघू दे.

वाट पाहणारी,
आई