मामाच्या हातून सुटलेला लॅपटॉप

एसटीत, कळंब सोडून येडशीच्या वाटेवर
चैत्र, सोमवार, सकाळचे दहा-सवादहा

चि. सौ. कां. शिवरंजनी हिस,

उमाशंकरमामाचे पोटभर आशीर्वाद. पुण्याच्या पाण्यानं केस गळतात म्हणाली होतीस ते थांबले असतील, आणि जावईबापूंचा खोकलाही गेला असेल, असं धरून चालतो. इकडं आम्ही खुशाल आहोत. तुझ्या मामीचे गुडघे खुशाल, दुकान खुशाल, फक्त चहा हल्ली मला अर्धा कपच मिळतो. (विचारलं तर म्हणते साखर महागली. ढोकीचा कारखाना हाकेच्या अंतरावर असताना साखरेची एवढी काटकसर करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.) अक्षराला हसू नकोस. गाडी हलती आहे आणि रस्ता आपल्याच जिल्ह्यातला आहे. मधेच एखादी रेघ ओळ सोडून पळाली तर तिथं मी कंसात ‘खड्डा’ असं लिहीन, म्हणजे तुझा गैरसमज व्हायचा नाही.

आता मुद्दा. साखरपुड्याला आलीस आणि जाताना गडबडीत लॅपटॉप आमच्या दुकानात विसरलीस. तुझा दादा सिद्धाराम आज येडशीहून रेल्वेनं पुण्याला निघालाय, त्याच्या हाती तो या पत्रासकट पोचेल. पण जसा विसरलीस तसा पोचणार नाही. तो माझ्या हातून पडला. एकदा नाही. तू पाळण्यात होतीस तेव्हा तुझ्या मनगटात काळ्या बांगड्या मी चढवल्या, आणि लग्नाचा चुडाही मामाच भरणार हे तेव्हापासून ठरलेलं आहे. शांताक्का तर आल्यागेल्याला सांगते, माझ्या लेकीचा चुडा माझा भाऊ भरणार म्हणून. तेव्हा हे सगळं वाचून झालं की तूच ठरव, वैशाखात या हातांसमोर आपलं मनगट धरायचं की नाही.

तुझं ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती. तू फोनवर म्हणालीस, मामा, कुरिअरनं पाठवा. मला राग आला. चाळीस वर्षं मी काचेचा माल वाहतोय. सायकलवरून वाहिला, टमटममधून वाहिला, रामलिंगाच्या जत्रेत माकडांच्या तावडीतून वाहिला. त्या माणसानं सगेसोयऱ्यांची वस्तू परक्याच्या हाती सोपवायची म्हणजे हद्द झाली. मी तुला म्हणालो, मी काय धाराशिवचा धुळाप्पा आहे का? (तोही कासारच, पण धुळाप्पा बांगड्या भरत नाही, कडब्याच्या पेंढ्या बांधतो, असं मी गेली वीस वर्षं म्हणत आलोय. गावात सगळे हसतात. धुळाप्पा मात्र कधी उलट बोलला नाही, हे आज उगीच आठवलं.)

पहिल्यांदा पडला तो दहा दिवसांमागं, शुक्रवारी. तिसऱ्या फळीवर हिरव्या बांगड्यांच्या डब्यांशेजारी मी तो मानानं ठेवला होता. धूळ झटकावी म्हणून पिशवीतून काढला आणि तो खाली गेला. (वरून फार गुळगुळीत केलाय, कंपनीला कळव.) घेताना दुकानदारानं तुला सांगितलं होतं की कमरेएवढ्या उंचीवरून पडला तरी काही होत नाही, फौजेच्या कसोटीला उतरलाय. कमर कोणाची हे त्यानं सांगितलं नव्हतं. तुझ्या मामीच्या आणि माझ्या कमरेत वीतभराचा फरक आहे आणि पडला तो माझ्या कमरेवरून. आमच्या धंद्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, पण लॅपटॉप वाढला असं तुला कोणत्या तोंडानं सांगू, या विचारानं मी तिथंच बसलो. मग उघडून कळ दाबली. उजेड आला, डोंगराचं चित्र आलं, आणि त्यानं पासवर्ड मागितला. मेलेला माणूस पासवर्ड मागत नाही, अशी मनाची समजूत घालून मी तो मिटला.

तिथंच थांबायला हवं होतं. पण बाजारच्या दिवशी शंकरप्पा दुकानात टेकला. शंकरप्पा म्हणजे आपल्या शेजारचा अडत्या, ज्वारीचा दाणा दाताखाली फोडल्याशिवाय भाव न सांगणारा माणूस. त्याच्यापुढं मी फुशारकी मारली की भाचीचा लॅपटॉप कमरेवरून पडूनही जिवंत आहे. तो म्हणाला, दाखवा. मी दिला. आता त्यानं धरण्याआधी मी सोडला की मी सोडल्यावर त्यानं धरला नाही, यावर आमचं अजून एकमत नाही. (खड्डा.) आधी दारातल्या पोत्यावर आदळला, तिथून फरशीवर. एका कोपऱ्याला पोचा पडलाय, तो तुला दिसेलच. शंकरप्पानं तो उचलला, टरबूज बघावं तसा बोटानं वाजवला, कानाशी नेला आणि म्हणाला, “माल चांगलाय. पर तुमी असा कसा सोडला?” मी म्हणालो, तुमच्या तंबाखूच्या हातावरून घसरला. तेव्हापासून त्यानं दुकानात बसून चहा घेणंही सोडलंय, उभ्यानंच राम राम करून जातो.

खरं सांगू का, मला त्या लॅपटॉपचा हेवा वाटला. आमच्या काचेला एवढं सोसत नाही. माघात ढोकीला एका नवरीचा चुडा भरायला गेलो होतो. तुला माहीत आहे माझी पद्धत, पंजा हलका दाबायचा, अंगठा आत घ्यायचा, आणि पोरीला असं काही बोलण्यात गुंतवायचं की बांगडी कधी चढली हे तिलाही कळू नये. त्या दिवशी लागोपाठ तीन वाढल्या. नवरीच्या अंगठ्याला जरासं रक्त आलं, तिच्या आईनं ते पदरानं पुसलं. यंदाचा मालच कच्चा आहे. मी व्यापाऱ्याला फोन करून चांगलं खडसावलं, तो बिचारा ऐकून घेत राहिला. (खड्डा. मोठा होता.)

असो. दोनदा हात पोळल्यावर मी लॅपटॉप आपल्या पद्धतीनं बांधायचं ठरवलं. जत्रेची लाकडी पेटी काढली, तळाशी वाळलं गवत, वर तुझ्या मामीचं जुनं लुगडं, त्यात लॅपटॉप, वरून पुन्हा गवत. (लॅपटॉपला वाऱ्याची भोकं असतात, तिथून काड्या आत गेल्या असतील तर सिद्धारामला फुंकर मारायला सांग.) सुतळीची गाठ मामीनं मारली. गाडीत पेटी ठेवायला जागा नव्हती, म्हणून दोन बाकांच्या मधे ठेवली. एका बाईनं तिच्यावर कैऱ्यांची पाटी ठेवली. ती बाई उतरली तर बिराप्पा नावाचा म्हातारा मेंढपाळ खुशाल पेटीवर बसला. मी घाबरून सांगितलं, बाबा, आत लॅपटॉप आहे, भाचीचा आहे. त्यानं पेटीकडं बघितलं, गवताकडं बघितलं आणि विचारलं, “मंग काय अंड्यावानी उबवायला ठिवलाय व्हय?” आणि बसूनच राहिला. चार गावं येईपर्यंत म्हातारा, घोंगडी आणि काठी असं सगळं वजन तुझ्या लॅपटॉपनं पेललं. फौजेची कसोटी मला माहीत नाही, पण बिराप्पाच्या कसोटीला तो उतरलाय, हे मी स्टॅम्पपेपरवर लिहून देईन.

तर झालं ते असं. पट्टीचा सावध माणूस म्हणून मी मिरवत आलो आणि तुझी वस्तू एवढ्या धसमुसळेपणानं हाताळली, याचं मला फार वाईट वाटतं. रागव, पण जेवून रागव. जावईबापूंना नमस्कार सांग. लग्नाला चुड्याचा हिरवा रंग मी निवडून ठेवलाय, पोपटी नाही, गर्द.

तुझा अपराधी,
उमाशंकरमामा

ता. क. सिद्धाराम आला. गाडीला अजून वेळ आहे म्हणून आम्ही फलाटावरच पेटी सोडली. त्याला तुझा पासवर्ड ठाऊक आहे (बदलून टाक). सगळं उघडून बघितलं, तुझी सगळी कामं जागच्या जागी आहेत. पोचा सोडला तर त्याला काही म्हणजे काही झालेलं नाही. मग मिटून पिशवीत घालायला म्हणून मी तो त्याच्या हातात देत होतो आणि तिसऱ्यांदा पडला. फलाट सपाट होता, गर्दी नव्हती, तंबाखूही नव्हती. अजून चालतोय. सिद्धारामनं तो उचलून बाजूला ठेवला, माझा हात आपल्या हातात घेतला आणि विचारलं, “मामा, हे कधीपासनं?” मी सांगितलं, दिवाळीपासून.

ता. क. दुसरा. वर मी एक खोटं लिहिलंय. एसटीत नव्हतो मी. एसटीनं मला केव्हाच येडशीला उतरवलं. हे सगळं पत्र स्टेशनच्या सिमेंटच्या बाकावर बसून लिहिलंय आणि बाक काही हलत नाही. पोरीला बोलण्यात गुंतवायची सवय जात नाही बघ. मामीला बहुतेक आधीच कळलंय. अर्धा कप सांडत नाही.

ता. क. तिसरा आणि खरा. एक काम कर माझं. लॅपटॉप मामानं फोडला असं सगळ्यांना सांग. पोचा आहेच, तो दाखव. मी मामाच्या हातून चुडा भरून घेणार नाही, असं रागानं सांग आणि धाराशिवच्या धुळाप्पाला बोलाव. मी त्याला काहीबाही म्हणत आलो, पण त्याचा हात हलका आहे, त्याच्या हातून तुझा चुडा वाढायचा नाही. शांताक्का तुला फाडून खाईल, एका यंत्रापायी मामाचा मान मोडला म्हणेल. तेवढं माझ्यासाठी ऐकून घे. भाची रुसली म्हणून मामानं चुडा भरला नाही, एवढंच गावात राहू दे. लग्न झालं की धाराशिवला डॉक्टरकडं जाईन, सिद्धारामनं तशी शपथ घातलीय. मीही त्याला कोणाला न सांगण्याची घातलीय, पण त्याच्या पोटात काही राहत नाही, तेव्हा रागवायचं ते उद्याच रागव. अक्षता टाकायला मात्र मी पहिल्या रांगेत उभा असेन. त्या हातातून सुटल्या तरी कोणी काही विचारत नाही.