वाचून दाखवले, समजले

मंगळवार, संध्याकाळ

आज शहाडच्या कारखान्यात जनार्दनकाकांची चौकशी होती. चौकशी अधिकारी मी. सुपरवायझरला शिवी दिल्याचा आरोप. नोकरी जाऊ शकते. आरोपपत्र इंग्रजीत, खाली मराठीत छापलेलं: ‘वाचून दाखवले, समजले.’ मी वाचून दाखवलंच नव्हतं, तरी सहीसाठी कागद पुढे केला.

“मॅडम, तुमी लिवलाय मंजे बराबरच आसल,” म्हणत काकांनी सही केली.

‘समजले’ म्हणे! साक्षीदार आणायचा हक्क आहे, हेसुद्धा त्यांना ठाऊक नाही. घाई मला होती, त्यांना नव्हे.

आत्ताच मॅनेजरना फोन करून सांगितलं, आजची बैठक रद्द, उद्या पुन्हा, मराठीतून.

“अहो मॅडम, सही झालीये ना? कशाला उकरताय?”

“चूक माझी आहे,” म्हणाले. त्यांना सांगणं सोपं होतं. उद्या हेच काकांना सांगायचंय.